मुंबईचे वित्तीय सेवा क्षेत्र आणि त्याची बलस्थाने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांनी वेळोवेळी पाठवलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक आणि नंतर अडचणीचे, अपवादांचे प्रश्न घेतले आहेत. एका उत्तरात आलेला मजकूर दुसऱ्यात पुन्हा लिहिण्याऐवजी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मुंबईला ‘आर्थिक राजधानी’ म्हणतात, तो सरकारने दिलेला अधिकृत दर्जा आहे का?

नाही. असा दर्जा कोणत्याही कायद्याने दिलेला नाही आणि ‘आर्थिक राजधानी’ ही केवळ रूढ झालेली संज्ञा आहे. मात्र तिला आधार आहे. रिझर्व्ह बँकेचे केंद्रीय कार्यालय, भांडवली बाजाराची नियामक सेबी, बीएसई व एनएसई हे देशातील दोन्ही प्रमुख शेअर बाजार, शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात सांभाळणाऱ्या दोन्ही डिपॉझिटरी, स्टेट बँक, आयुर्विमा महामंडळ, पुनर्विमा करणारी, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणारी जीआयसी, नाबार्ड, एक्झिम बँक आणि यूपीआय चालवणारी राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळ ही संस्था, या सर्वांची मुख्यालये एकाच शहरात आहेत. वित्तीय क्षेत्रातील इतक्या संस्था भारतातील दुसऱ्या कोणत्याही शहरात एकत्र नाहीत.

२. वित्तीय सेवा म्हणजे बँका आणि शेअर बाजार एवढेच ना?

सर्वसामान्य नागरिकाचा संबंध प्रामुख्याने या दोहोंशी येतो, पण क्षेत्र त्याहून बरेच विस्तृत आहे. विमा आणि पुनर्विमा, म्युच्युअल फंड, सरकारी रोख्यांचे (सरकारने घेतलेल्या कर्जाच्या कागदांचे) व्यवहार, परकीय चलन, पतमानांकन (कर्ज फेडण्याच्या क्षमतेला श्रेणी देणे), कर्जदारांच्या परतफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्था, वस्तूंचे वायदे बाजार आणि कंपन्यांसाठी भांडवल उभारून देणारे मर्चंट बँकर हे सर्व त्यात येतात. यांपैकी काही सेवांची भारतातील सुरुवात मुंबईतच झाली. यूटीआय हा पहिला म्युच्युअल फंड १९६४ मध्ये येथून सुरू झाला आणि क्रिसिल ही पतमानांकन संस्था १९८७ मध्ये येथेच स्थापन झाली. आजही बहुतेक मोठ्या फंड घराण्यांची मुख्यालये मुंबईत आहेत.

३. हे सगळे मुंबईतच का जमले? ब्रिटिशांची राजधानी तर कोलकाता होती आणि नंतर दिल्ली झाली.

मुंबईचा पाया सत्तेपेक्षा व्यापाराने घातला. बंदर, कापूस आणि अफूचा व्यापार, पुढे कापड गिरण्या, तसेच पारशी, गुजराती, मारवाडी, बोहरा, खोजा आणि बगदादी ज्यू व्यापाऱ्यांच्या पेढ्या यांमुळे येथे भारतीयांच्या हातातील भांडवल मोठ्या प्रमाणावर साचले. १८५० च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडाखाली मूठभर दलाल समभागांचे सौदे करीत असत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. त्या पैशातून बँका, जमीन भरणीच्या कंपन्या आणि सट्टा यांना ऊत आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, बॅकबेच्या भरणीतील समभाग मातीमोल झाले आणि १८४० मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बेही अखेरीस बुडाली.

मुंबईच्या वित्तीय इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आहे, असे मला वाटते. ज्या दलालांना या पडझडीची झळ बसली, त्याच वर्गाने दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, स्वतःची संघटना बांधली आणि सभासदत्वाला व सौद्यांना नियम घालून घेतले. आजचा बीएसई, म्हणजे आशियातील सर्वांत जुना शेअर बाजार, तो हाच. कोसळल्यावर व्यवहार सोडून न देता त्याला नियम लावायचे, ही रीत या शहराने पुढेही पाळली (प्रश्न ९ पाहा).

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली तेव्हा तिचे केंद्रीय कार्यालय कोलकात्यात होते. १९३७ मध्ये ते कायमचे मुंबईत आले. मध्यवर्ती बँक ज्या शहरात असते, तेथे इतर बँकांचे कोषागार विभाग, रोखे व्यवहार करणारे आणि परकीय चलनाचे व्यापारी येणे क्रमप्राप्त असते. दिल्लीत अर्थ मंत्रालय राहिले, अर्थसंकल्प तेथेच मांडला जातो, परंतु रोजचा पैशाचा बाजार मुंबईत भरतो.

४. मी मोबाइलवरून दहा शेअर घेतले. त्या व्यवहारात मुंबई नेमकी कुठे येते?

जवळजवळ प्रत्येक पायरीवर. आपण सोलापुरात बसून ब्रोकरच्या ॲपवर खरेदीची मागणी नोंदवली की ती एनएसई किंवा बीएसईच्या संगणकावर जाते आणि विक्रेत्याच्या मागणीशी जुळते. या क्षणी सौदा ठरतो, पण पूर्ण होत नाही. त्यानंतर क्लिअरिंग कॉर्पोरेशन मध्ये उभी राहते, म्हणजे आपल्यासाठी ती विक्रेता बनते आणि विक्रेत्यासाठी खरेदीदार. समोरचा अनोळखी माणूस शेअर देईल का, ही चिंता आपल्याला करावी लागत नाही. एखादा ब्रोकर पैसे देऊ शकला नाही, तर आधी घेतलेले मार्जिन (आगाऊ तारण) आणि सेटलमेंट, म्हणजे सौद्याची पूर्तता, यासाठीचा हमी निधी यांतून तूट भरून निघते. दिवसभरातील लाखो सौद्यांची वजाबाकी करून कोणी किती पैसे आणि किती शेअर द्यायचे हे ठरते, नेमलेल्या बँकांतून पैसे फिरतात आणि शेअर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीतील आपल्या डिमॅट खात्यात जमा होतात.

ज्यांनी कागदी शेअर सर्टिफिकेटांचा काळ पाहिला आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. हस्तांतरणाचा अर्ज टपालाने पाठवायचा, सही जुळत नाही म्हणून तो परत यायचा, सर्टिफिकेट वाटेत गहाळ व्हायचे किंवा बनावट निघायचे, आणि या सगळ्यात महिने जायचे. १९९६ चा डिपॉझिटरी कायदा आणि त्याच वर्षी सुरू झालेली एनएसडीएल यांनी ही अडचण मुळापासून दूर केली. सीडीएसएल १९९९ मध्ये आली. एप्रिल २००३ मध्ये सौदा दोन दिवसांत पूर्ण होऊ लागला आणि २७ जानेवारी २०२३ पासून सर्वच शेअरचे सौदे एका दिवसात, म्हणजे लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी पूर्ण होतात. अमेरिकेच्या बाजारांनी हा टप्पा त्यानंतर, मे २०२४ मध्ये, गाठला.

शहराचे सर्वांत मोठे बलस्थान विचारले, तर मी काचेच्या मनोऱ्यांआधी या पडद्यामागील यंत्रणेचे नाव घेईन. तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही, कारण ती बिघडत नाही तोवर दिसत नाही.

५. एकाच शहरात दोन शेअर बाजार कशासाठी?

बीएसई ही दलालांनी दलालांसाठी उभारलेली संस्था होती. सौदे रिंगणात आरडाओरड करून होत आणि बाहेरगावच्या गुंतवणूकदाराला आपला शेअर नेमका कोणत्या भावाने घेतला गेला हे कळण्याचा मार्ग नव्हता. हे बदलण्यासाठी वित्तीय संस्थांनी मिळून १९९२ मध्ये एनएसई स्थापन केली आणि तिने नोव्हेंबर १९९४ मध्ये संगणकाच्या पडद्यावरून, उपग्रह जोडणीद्वारे, शेअरचे व्यवहार सुरू केले. बीएसईनेही १९९५ मध्ये रिंगण बंद करून संगणकीय प्रणाली स्वीकारली. स्पर्धेमुळे खर्च कमी झाला आणि भाव पारदर्शक झाले.

दुसऱ्या बाजाराचा आणखी एक उपयोग २४ फेब्रुवारी २०२१ रोजी दिसला. तांत्रिक बिघाडामुळे एनएसईचे व्यवहार सकाळी ११.४० पासून जवळपास चार तास थांबले, पण बीएसई सुरू होता. त्या दिवशी कामकाजाची वेळ सायंकाळी ५ वाजेपर्यंत वाढवावी लागली.

६. वित्तीय केंद्र म्हणजे फोर्ट, नरिमन पॉइंट की वांद्रे-कुर्ला संकुल?

तिन्ही. रिझर्व्ह बँक आणि बीएसई फोर्टमध्ये आहेत, स्टेट बँक व आयुर्विमा महामंडळ नरिमन पॉइंट परिसरात आहेत, आणि सेबी, एनएसई, नाबार्ड तसेच अनेक खाजगी व परदेशी बँका वांद्रे-कुर्ला संकुलात आहेत. सीडीएसएल ही डिपॉझिटरी लोअर परळला, म्हणजे जुन्या गिरणगावात आहे. हे विखुरलेपण दीर्घकाळ अडचणीचे होते, कारण फोर्टहून संकुलात एका बैठकीसाठी जायचे म्हणजे अर्धा दिवस मोडत असे. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाल्यावर ही टोके प्रथमच थेट जोडली गेली.

७. या सगळ्यात मराठी माणूस कुठे आहे? तो फक्त कारकुनीपुरताच होता का?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि बहुधा खंत घेऊन येतो. दलाली आणि सावकारी पेढ्यांमध्ये मराठी नावे कमी होती, हे खरे आहे. परंतु वित्तीय क्षेत्र केवळ पेढ्यांनी उभे राहत नाही.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे मूळचे रायगड जिल्ह्यातील, महाडजवळच्या नाते गावाचे. १९४३ मध्ये त्यांनी पद स्वीकारले, युद्धोत्तर जागतिक चलनव्यवस्था ठरवणाऱ्या १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेत ते भारताच्या शिष्टमंडळात होते, फाळणीच्या काळात दोन देशांच्या चलनाची व्यवस्था त्यांच्या कारकिर्दीत लागली आणि १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरणही त्यांच्याच कार्यकाळात झाले. पुढे अर्थमंत्री असताना, जानेवारी १९५६ मध्ये, त्यांनी आयुर्विमा राष्ट्रीयीकरणाचा निर्णय जाहीर केला. २४५ विमा कंपन्या व संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, तेव्हा मात्र देशमुख मंत्रिमंडळात नव्हते. मुंबई महाराष्ट्राला नाकारली जात असल्याच्या मुद्द्यावर त्यांनी राजीनामा दिला होता. आपल्याच निर्णयातून उभ्या राहणाऱ्या संस्थेचे उद्घाटन होण्यापूर्वी, ती ज्या शहरात उभी राहणार होती त्या शहरासाठी पद सोडणारा हा अर्थमंत्री मराठी वाचकांनी विसरू नये.

दुसरा मोठा वाटा सहकारी बँकांचा आहे. त्याबद्दल पुढील उत्तर पाहावे.

८. सहकारी बँका मुंबईचे बळ आहेत की दुबळी बाजू? आमच्या ओळखीच्यांचे पैसे अडकले होते.

दोन्ही बाजू मान्य केल्याशिवाय या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता येत नाही. मुंबईत शामराव विठ्ठल सहकारी बँक १९०६ पासून आहे, सारस्वत बँकेची सुरुवात १९१८ मध्ये पतसंस्था म्हणून झाली, आणि १९११ मध्ये स्थापन झालेली, आज राज्य सहकारी बँक म्हणून ओळखली जाणारी संस्था वैकुंठभाई मेहता यांनी दीर्घकाळ सांभाळली. मोठ्या बँका ज्यांना दारात उभे करीत नव्हत्या, त्या पगारदार, दुकानदार आणि लहान कारखानदारांना गिरगाव, दादर, पार्ले येथील सहकारी बँकांनी कर्ज दिले. देशातील सर्वाधिक नागरी सहकारी बँका आजही महाराष्ट्रात आहेत.

कमकुवत बाजूही तितकीच स्पष्ट आहे. एकाच उद्योगसमूहाला मर्यादेबाहेर दिलेली आणि लपवलेली कर्जे, संचालकांचे हितसंबंध आणि विलंबाने झालेली तपासणी यांमुळे काही बँका बुडाल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतील एका बहुराज्यीय सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा लाखो ठेवीदारांना सुरुवातीला केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. त्या रांगांमध्ये निवृत्त माणसे होती, मुलांच्या शिक्षणासाठी पैसे ठेवलेली माणसे होती, आणि त्यांचे हाल कोणत्याही आकडेवारीने भरून निघणारे नाहीत.

त्यानंतर कायदे बदलले. ठेव विमा फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून ५ लाख रुपये झाला. २०२० मध्ये सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवण्यात आले. २०२१ च्या दुरुस्तीनुसार बँकेवर निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम ठेवीदाराला मिळाली पाहिजे. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी: ५ लाखांची मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून, प्रत्येक बँकेतील प्रत्येक ठेवीदारासाठी असते. एकाच बँकेच्या चार शाखांत चार ठेवी ठेवल्याने ती चौपट होत नाही.

९. १९९२ चा रोखे घोटाळा मुंबईतच झाला. मग विश्वासार्हतेला बलस्थान कसे म्हणता?

घोटाळा झाला, तो मोठा होता आणि त्यात बँका, दलाल आणि देखरेख करणाऱ्या यंत्रणा या सर्वांच्या उणिवा उघड झाल्या. त्या काळी सरकारी रोख्यांचे बँकांमधील सौदे दलालांमार्फत होत आणि त्यांच्या नोंदी हाताने वह्यांत ठेवल्या जात. रोखे प्रत्यक्ष न देता त्यांच्याऐवजी ‘बँक रिसीट’ नावाची पावती दिली जाई. काही पावत्यांमागे रोखेच नव्हते. त्या आधारे उचललेला बँकांचा पैसा शेअर बाजारात गेला आणि एप्रिल १९९२ मध्ये हे उघड होताच बाजार कोसळला.

पुढील दहा वर्षांत मुंबईत जे घडले ते पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सेबीला १९९२ मध्ये कायद्याचे अधिकार मिळाले. खटल्यांसाठी मुंबईत विशेष न्यायालय नेमले गेले. एनएसई आणि डिपॉझिटरी आल्या. २००१ मध्ये शेअर बाजारात झालेल्या दुसऱ्या मोठ्या घोटाळ्यानंतर, उधारीवर सौदे पुढे ढकलण्याची ‘बदला’ पद्धत जुलै २००१ मध्ये बंद झाली. सरकारी रोख्यांच्या सौद्यांची हमी घेणारे क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया २००२ मध्ये कार्यरत झाले, त्यामुळे कागदी पावतीवर विसंबण्याची गरजच उरली नाही. ज्या फटीतून पैसा गळला, नेमकी ती फट बुजवणारी संस्था उभी राहिली. ही दुरुस्ती नेहमी नुकसान झाल्यावर होते, आधी होत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे आणि मीही ती करीत आलो आहे.

१०. शहरावर हल्ला झाला किंवा मोठी आपत्ती आली, तर देशाचा बाजार बंद पडेल का?

१२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटमालिकेतील पहिला स्फोट बीएसईच्या इमारतीत झाला. तेथे अनेक माणसे गेली, आणि तरीही पुढच्याच आठवड्यात बाजार पुन्हा भरला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर बाजार केवळ एक दिवस बंद राहून २८ तारखेला उघडला. आता शेअर बाजार, क्लिअरिंग कॉर्पोरेशन आणि डिपॉझिटरी यांना दुसऱ्या शहरात पर्यायी यंत्रणा सज्ज ठेवणे बंधनकारक आहे आणि तिची चाचणी वेळोवेळी शनिवारच्या विशेष सत्रांत घेतली जाते.

११. सर्व काही ऑनलाइन झाले. सर्वांत जास्त ग्राहक असलेले ब्रोकर बेंगळुरूचे आहेत. मग शहराला अर्थ काय उरला?

निरीक्षण बरोबर आहे. किरकोळ गुंतवणूकदारांना सेवा देणारे नवे ब्रोकर बेंगळुरूत वाढले, आणि बँकांची हिशेबाची व तंत्रज्ञानाची बरीच कामे पुणे, हैदराबाद, चेन्नईला गेली. जागेचे भाडे आणि घरांच्या किमती पाहता ही कामे परत येतील असे मला वाटत नाही.

तंत्रज्ञानाचा परिणाम मात्र दुहेरी होता. एनएसईचा पडदा गावोगावी पोहोचल्यावर पुण्यासह अनेक शहरांतील प्रादेशिक शेअर बाजारांचे काम संपले, आणि सेबीच्या २०१२ च्या धोरणानंतर ते एकेक करून बंद झाले. ग्राहक देशभर पसरले, पण सौद्यांची जुळणी आणि सेटलमेंट मुंबईत अधिकच एकवटले. बेंगळुरूच्या ब्रोकरचा सौदाही प्रश्न ४ मध्ये सांगितलेल्या वाटेनेच जातो. शिवाय मोठा निधी उभारताना कंपनीचे प्रवर्तक, मर्चंट बँकर, वकील, फंड व्यवस्थापक आणि नियामक यांना वारंवार समोरासमोर बसावे लागते, आणि ही सर्व माणसे मुंबईत एका दिवसात भेटतात.

१२. गिफ्ट सिटीमुळे मुंबई मागे पडेल का?

गांधीनगरजवळील गिफ्ट सिटीतील केंद्र आंतरराष्ट्रीय आहे, म्हणजे तेथील व्यवहार प्रामुख्याने परकीय चलनात होतात, करांच्या वेगळ्या सवलती आहेत आणि २०२० पासून स्वतंत्र नियामक आहे. पूर्वी सिंगापूरला होणारे निफ्टी या एनएसईच्या निर्देशांकाचे वायदे व्यवहार जुलै २०२३ मध्ये तेथे आले. मुंबईचा देशांतर्गत, रुपयातील बाजार यामुळे हललेला नाही.

तरीही मराठी वाचकांना वाटणारी हळहळ निराधार नाही. मुंबईला आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र करण्याचा सविस्तर आराखडा पर्सी मिस्त्री यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ मध्येच दिला होता आणि त्यात नियमांइतकाच भर शहराच्या वाहतूक, घरे व प्रशासनावर होता. त्या शिफारशींवर वेळीच काम झाले नाही. ही संधी आपण गमावली, असेच माझे मत आहे.

१३. देशाच्या प्रत्यक्ष करांचा मोठा वाटा मुंबईत भरला जातो. तो सगळा मुंबईने कमावलेला पैसा का?

नाही. कंपनी जेथे विवरणपत्र भरते, तेथे तिचा कर मोजला जातो. स्टेट बँकेच्या गडचिरोलीतील किंवा आसाममधील शाखेच्या नफ्यावरील करही मुंबईच्या खात्यात दिसतो. उलट काही बँका मुंबईतून चालतात, पण त्यांचे नोंदणीकृत कार्यालय गुजरातेत आहे. म्हणून कराचा आकडा मुख्यालयांची दाटी दाखवतो, शहराचे उत्पन्न दाखवत नाही. मुंबईचा अभिमान बाळगताना हा फरक विसरू नये.

१४. मुंबईत काय नाही?

विम्याचा नियामक हैदराबादला आहे, निवृत्तिवेतन निधीचा दिल्लीत, आणि लघुउद्योगांना कर्जपुरवठा करणाऱ्या सिडबीचे मुख्यालय लखनऊला. यातील एक गंमतीशीर अपवाद असा की विमा किंवा निवृत्तिवेतन नियामकाच्या आदेशाविरुद्धचे अपील मुंबईतील रोखे अपील न्यायाधिकरणातच करावे लागते.

१५. मी नागपूरला राहतो. बँक किंवा ब्रोकरविरुद्ध तक्रार करायची तर मुंबईला यावे लागते का?

नाही. बँकेविषयीची तक्रार आधी त्या बँकेकडे लेखी करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत ऑनलाइन किंवा टपालाने तक्रार करता येते. २०२१ पासून देशभरातील अशा तक्रारी चंडीगड येथील केंद्रात स्वीकारल्या जातात आणि त्यासाठी शुल्क नाही. ब्रोकर, म्युच्युअल फंड किंवा सूचीबद्ध कंपनीविरुद्धची तक्रार सेबीच्या ‘स्कोअर्स’ या संकेतस्थळावर करावी. तेथे तोडगा निघाला नाही तर ऑनलाइन सलोखा आणि लवादाची सोय आहे. तक्रारीसोबत व्यवहाराची तारीख, कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेली सौद्याची पावती) किंवा खातेउतारा आणि आधी केलेल्या पत्रव्यवहाराची प्रत जोडावी, कारण अपुऱ्या कागदपत्रांअभावी खऱ्या तक्रारीही रखडतात.